घुशीला कामाला लाव

पत्र: ताई, मी डोंबिवलीला राहतो, वय तेवीस. दिवसा एका कुरिअर कंपनीच्या गोदामात काम करतो. कॉलेजपासून ग्राफिटी करतोय. आधी नुसता टॅग (नावाची सही), मग थ्रो-अप (झटपट काढलेली फुगीर अक्षरं), आता पीस (अनेक रंगांचं मोठं, पूर्ण काम). वर्षभरापासून अक्षरांच्या शेजारी एक कॅरेक्टर काढतो: डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधलेली घूस. लोक अक्षरं सोडून तिचेच फोटो काढतात. आता मला मोठी म्युरल्स करायची आहेत, पुस्तकांसाठी चित्रंही काढायची आहेत, पण जे. जे.ची डिग्री नाही. क्रूमधले, म्हणजे सोबत भिंती रंगवणारे मित्र, म्हणतात, ‘विकला गेलास.’ एका बिल्डरच्या मार्केटिंगवाल्याने साइटभोवतीच्या पत्र्यांवर, साठ फूट लांब, आठ फूट उंच, घूस काढून मागितली आहे. सामानासकट पंधरा हजार देतो म्हणतोय आणि ‘कॅरेक्टर आम्ही पुढे पण वापरू’ असंही म्हणतोय. आईला वाटतं मी रात्री ओव्हरटाइमला जातो. काय करू? फोटो पाठवतोय.

उत्तर:

तुझी घूस मला आवडली. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तिच्याविषयी बरीच कुरकुर आहे.

फोटो मोठे करून पाहिले. पिशवीची ती हनुवटीखालची गाठ फार छान जमली आहे. दोन टोकं कमीजास्त लांबीची, एकात पावसाचं पाणी साठून ते लोंबतंय. असं काही प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय हातातून उतरत नाही. पण उड्डाणपुलाखाली, नाल्याच्या कठड्यावर, बंद कारखान्याच्या शटरवर, जिथे बघावं तिथे ही बाई उजवीकडे तोंड करून, एक पंजा कमरेवर ठेवून, एक भुवई उडवून उभी! फोटो काढून घ्यायला आल्यासारखी. तू तिला काढत नाहीस, लिहितोस. त्याच रेघा, त्याच क्रमाने.

हा दोष तुझा म्हणता येणार नाही, ग्राफिटीची तालीमच तशी असते. चार अक्षरं इतक्या वेळा गिरवायची की अंधारात, अर्धं लक्ष मागच्या रस्त्याकडे असताना, हाताने ती एका दमात उरकली पाहिजेत. त्यातून तुझी रेघ खांद्यातून यायला लागली आहे, लांब वळण मारताना ती थरथरत नाही. चित्रकलेची पदवी घेतलेल्या कित्येकांना कागदावरून भिंतीवर गेल्यावर नेमकं हेच जमत नाही. पण टॅगमध्ये सारखेपणा हा गुण असतो, आणि पात्राच्या अंगी तोच आला की ते मरतं. न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या दशकात सबवेच्या डब्यांवर अक्षरांशेजारी कॅरेक्टर काढायची पद्धत पडली, तेव्हा ती पात्रं पुष्कळदा उसनी असायची. व्हॉन बोडे यांच्या कॉमिकमधला टोपीत बुडालेला चीच विझर्ड किती जणांनी रंगवला याची गणती नाही. त्याचं काम एवढंच, अक्षरांची करवली म्हणून मिरवायचं. तुझी घूस उसनी नाही, पण काम तिलाही अजून करवलीचंच आहे.

आता मला ज्यांच्याविषयी बोलायचं आहे ते दोघे: ओताव्हियो आणि गुस्ताव्हो पांडोल्फो, जन्म १९७४, साओ पाउलो शहरातल्या कांबुसी वस्तीत वाढलेले जुळे भाऊ. जगभर त्यांना ‘ओस जेमेओस’, म्हणजे ‘जुळे’, याच नावाने ओळखतात. १९८० च्या दशकात हिप-हॉप ब्राझीलमध्ये पोचलं, तेव्हा हे पोरगेले ब्रेकडान्स करत होते आणि न्यूयॉर्कच्या छापाची अक्षरं भिंतीवर काढत होते. स्प्रेचे डबे तिकडे महाग, म्हणून मोठे भाग घराला लावायच्या रंगाने, रोलर फिरवून भरायचे आणि स्प्रे रेघेसाठी राखून ठेवायचा. (डोंबिवलीत बसून तुला हे वाचताना ओळखीचं वाटेल.) १९९३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे बॅरी मॅगी साओ पाउलोला राहायला आले, यांची गाठ पडली. मॅगी स्वतः ग्राफिटीतले, आणि पडलेल्या चेहऱ्याची, थकलेली माणसं काढणारे. पुढे जुळ्यांच्या भिंतींवरही हळूहळू अक्षरं मागे हटत गेली आणि पिवळ्या कातडीची माणसं पुढे आली: रुंद चेहरा, एकमेकांपासून लांब डोळे, काटकुळे हातपाय आणि अंगावर इतकं बारीक नक्षीचं कापड की एक बाही रंगवायला अर्धा दिवस जात असेल.

पिवळा रंग सोडला तर त्यांची दोन माणसं सारखी नसतात. तरी शंभर पावलांवरून कळतं की ही त्यांचीच. तुला पोचायचं आहे ते इथे.

त्यांची दोन कामं शोधून बघ. २०१४ मध्ये कॅनडात व्हँकुव्हरच्या ग्रॅनव्हिल आयलंडवर त्यांनी काँक्रीटच्या चालू कारखान्याचे सहा सायलो, म्हणजे माल साठवायच्या उंच गोल टाक्या, रंगवले. प्रत्येक सायलो म्हणजे एक उभा माणूस, साधारण सत्तर फूट उंच, आणि गोल फिरून बघितलं तर त्याची पाठही दिसते. पाठीवर शर्टाला किती चुण्या पडतात, कानामागे केस कसे कापलेत, हे ठरवल्याशिवाय ते काम होणारच नव्हतं. तुझ्या घुशीची पाठ मी अजून पाहिलेली नाही. पिशवीची गाठ मागून कशी दिसते? शेपूट पिशवीखालून येते की तिचा काही संबंधच नाही? ती बसली की पोट कुठे जातं?

दुसरं काम त्याआधीचं, २०१२ चं, अमेरिकेत बोस्टनच्या ड्यूई स्क्वेअरमधलं. हवा खेळती ठेवणाऱ्या एका इमारतीच्या भिंतीवर, जणू आत कोंबून बसवलेला अवाढव्य मुलगा. रंगीबेरंगी कपडे, डोक्याभोवती कापड गुंडाळलेलं, फक्त डोळे दिसतात. झालं, काही लोकांना तो अतिरेकी वाटला आणि वाद पेटला. नुसत्या नावाच्या टॅगवर लोक फार तर ‘भिंत घाण केली’ म्हणून चिडतात. पात्र काढलंस की ते त्यात आपापली भीती, आपापला शेजारी शोधणार. तुझी घूस कोणाला कचरावेचकांची टिंगल वाटू शकते, कोणाला पूरग्रस्तांची. तुला तसं म्हणायचं नसेल तर ते घुशीच्या वागण्यातून दिसलं पाहिजे, खाली पाटी लावून चालणार नाही.

म्हणून आधी तिला कामाला लाव. दिवा लोकल पकडताना ती कशी दिसते, पाणी ओसरल्यावर घर कसं झाडते, उधारी मागायला आलेल्याला काय तोंड देते, झोपताना पिशवी काढते का. हे शब्दांत लिहू नकोस, ब्लॅकबुकमध्ये, म्हणजे तुझ्या स्केचच्या वहीत, काढ, पेन्सिलने, भराभर. भुवई उडवायला बंदी. ज्या चित्रात तिचा चेहरा दिसत नाही आणि तरी तिला राग आलाय हे कळतं, ते चित्र जमलं असं समज. आणि काही न करणं हेही पात्राचं काम असू शकतं. आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन आठव: चौकड्यांचा कोट, धोतर, आणि तोंडातून शब्द नाही. पण त्याच्यासमोर मंत्री, कंत्राटदार, बायको यांचा काहीतरी गोंधळ चाललेला असतो, म्हणून त्याचं बघणं दिसतं. तुझ्या घुशीसमोर कोणीच नाही.

जाता जाता एक. पॅरिसमध्ये ब्लेक ल रॅ हा ग्राफिटी कलाकार १९८१ पासून स्टेन्सिलने उंदीर उमटवतोय, ब्रिटिश ग्राफिटीवाल्या बँक्सीचे उंदीर तर शाळकरी पोरांनाही माहीत आहेत. तुझी घूस ही घूसच दिसायला हवी: आखूड नाक, जाड मान, राठ केस, आणि शेपूट उंदरासारखी लांबलचक नाही. तिसऱ्या फोटोत ती चक्क उंदीर झाली आहे. एकदा गटाराकडेला नीट बघून घे, तुमच्याकडे कमी नाहीत.

क्रूच्या टोमण्याकडे मी फार वेळ घालवणार नाही. कीथ हॅरिंग या अमेरिकी चित्रकाराने न्यूयॉर्कच्या सबवेत जाहिरातींच्या रिकाम्या, काळा कागद चिकटवलेल्या चौकटींवर खडूने वर्षानुवर्षं चित्रं काढली, त्यासाठी पकडलाही गेला. १९८६ मध्ये त्याने पूर्व हार्लेममधल्या हँडबॉलच्या भिंतीवर अमली पदार्थांविरुद्ध विनापरवाना चित्र काढलं, दंड झाला, आणि त्याच वर्षी तीच भिंत त्याने रीतसर परवानगीने पुन्हा रंगवली. त्याच वर्षी स्वतःच्या चित्रांचे टी-शर्ट, बिल्ले विकायला दुकान काढलं तेव्हा तोही ‘विकला गेला’ होताच. तुझे मित्र कॅनचे पैसे कुठून आणतात, हे त्यांना हसत हसत विचार. भांडू नकोस. उंच भिंतीवर शिडी धरायला, रंग कालवायला तुला हेच लोक लागणार आहेत, आणि तेव्हा त्यांना रोजचे पैसे दे.

आता मोठी भिंत. रात्री वीस मिनिटांत उरकायच्या आणि आठवडाभर उन्हात उभं राहून करायच्या भिंतीत रेघ सोडली तर काहीच सारखं नसतं. आधी हात लाव. गार आणि दमट लागली तर आत ओल आहे. नखाने खरवड. पोपडा निघाला, पांढरी भुकटी हाताला लागली, तर ते सगळं घासून, प्रायमर मारूनच पुढे जायचं. घरमालक म्हणेल ‘गेल्या दिवाळीतच रंग दिलाय’, त्याकडे दुर्लक्ष कर. नवं प्लॅस्टर असेल तर महिनाभर थांब. मोठे भाग एक्सटेरिअर इमल्शनने, रोलरने. स्प्रे रेघांना आणि सावल्यांना. फ्लुरोसंट रंग उन्हात फार लवकर मरतात, पश्चिमेच्या भिंतीवर तर वापरूच नकोस. पहाड (उंचावर उभं राहायची परांची) बांधून देणं, हार्नेस, पाणी आणि संडासाची सोय ही काम देणाऱ्याची जबाबदारी, हे पहिल्याच भेटीत बोलायचं. संडासाचं बोलायला मुलांना लाज वाटते आणि दुपारी पंचाईत होते.

स्केच भिंतीवर मोठं कसं करायचं हे तू विचारलेलं नाहीस, पण विचारणार आहेस. चौकोनांची जाळी आखत बसू नकोस. भिंतभर वाटेल त्या खुणा कर: आकडे, फुल्या, शिव्या, तुझा टॅग, काहीही, फक्त एकसारख्या नकोत. मग समोर उभं राहून भिंतीचा सरळ फोटो काढ आणि फोनवर त्या फोटोवर स्केच पुसट करून ठेव. आता तुला दिसेल की डावा डोळा तुझ्या टॅगच्या दुसऱ्या अक्षराच्या पोटात येतोय, शेपटीचं टोक सातच्या आकड्याखाली वीतभर. त्या खुणांवरून खडूने बाह्यरेषा काढत जायचं. पहाडावर नाक भिंतीला टेकलेलं असताना पंजा कुठे आणि कान कुठे हे कळत नाही, तेव्हा हीच गिचमिड कामी येते. रंग चढला की सगळं झाकलं जातं.

पुस्तकांबद्दल. डिग्री कोणी विचारत नाही म्हटलं तर ते खोटं होईल. जाहिरात संस्था आणि नोकऱ्या विचारतात. पुस्तकाचा संपादक मात्र आधी चित्रं बघतो, आणि त्याला भिंतींचे फोटो पाठवलेस तर तो ‘वा’ म्हणेल आणि विसरून जाईल. तो शोधत असतो की आठव्या पानावरची मुलगी तीच आहे का जी दुसऱ्या पानावर होती, मजकुराला जागा सोडली आहे का, आणि महत्त्वाचा चेहरा दोन पानांच्या मधल्या घडीत तर गेला नाही ना. नवख्यांच्या पानांवर नायकाचं नाक हमखास त्या घडीत गडप झालेलं असतं. सरावासाठी प्रथम बुक्स या प्रकाशनाच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर जा. तिथल्या गोष्टी, मराठीतल्याही, खुल्या परवान्याने उपलब्ध आहेत. एक गोष्ट उचल, मूळ चित्रं न बघता तिची पानं स्वतः पाड, मग मूळ चित्रकाराने काय केलं ते उघडून बघ. श्रेय द्यायला विसरू नकोस.

त्या गोष्टीत घूस नसेल. आजी असेल, कंडक्टर असेल, म्हैस असेल. इथे तुझी खरी परीक्षा आहे, कारण इतकी वर्षं तू तुझं नाव काढलंस, वर्षभर तुझी घूस काढलीस, आणि आता दुसऱ्याने लिहिलेली आजी काढायची आहे, जिच्यात तुझं काहीच नाही. काही ग्राफिटीवाल्यांना इथे कंटाळा येतो आणि ते परत जातात. त्यात वाईट काही नाही, पण आपण त्यातले आहोत का हे लवकर कळलेलं बरं. रविवारी दुपारी डोंबिवली स्टेशनच्या पुलावर कठड्याला टेकून उभा राहा आणि पिशव्या सांभाळणाऱ्या बायका काढ. हाताची पकड, झुकलेला खांदा, एवढंच. पुण्याचे हर्षवर्धन कदम इलस्ट्रेशन आणि म्युरल दोन्ही करतात. कसबा पेठेतल्या त्यांच्या भिंतींचे आणि त्यांच्या कागदावरच्या कामाचे फोटो शेजारी ठेवून बघ, हात एकच असून तो जागेप्रमाणे कसा वागतो ते दिसेल.

रात्रीच्या भिंतींबद्दल मी उपदेश करणार नाही, पण दोन गोष्टी तुला माहीत असाव्यात. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विरूपणाला प्रतिबंध करणारा १९९५ चा कायदा आहे आणि त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि एका फोटोत मला मागे रूळ दिसले. ते बंद. त्यावर चर्चा नाही. परवानगीच्या भिंती मिळतच नाहीत असं म्हणू नकोस. मुंबईत २००९ मध्ये तुळशी पाइप रोडची लांबच लांब भिंत पालिकेच्या संमतीने सामान्य लोकांनी रंगवली, २०१७ मध्ये ससून डॉकच्या गोदामांत कलाकारांना जागा मिळाली. तुझ्या आकाराची सुरुवात म्हणजे शाळेची कुंपणभिंत, नाहीतर सोसायटीचं पंपहाउस. सेक्रेटरीचं पत्र लेटरहेडवर, सहीनिशी घे आणि खिशात ठेव.

परवानगी असली म्हणजे भिंत टिकते असंही नाही. २००८ मध्ये साओ पाउलो शहराच्या सफाईवाल्यांनी जुळ्यांचं आणि त्यांच्या मित्रांचं एका मोठ्या रस्त्यालगतचं लांबलचक भित्तिचित्र राखाडी रंग मारून पुसलं होतं. ओरड झाल्यावर पुन्हा काढायला लावलं. फोटो चांगले काढून ठेव, दिवसाउजेडी.

आईला सांग. आज, जेवताना. तिला फोन चौकीतून जाण्यापेक्षा तुझ्या तोंडून कळलेलं बरं. आधी फोटो दाखव, मग ओव्हरटाइमचं सांग. ती चिडेल. चिडू दे. नंतर ती विचारेल ‘यातून पैसे मिळतात का’, आणि तिथे तुला ठोस उत्तर लागेल, म्हणून बिल्डरकडे येते.

साठ गुणिले आठ म्हणजे चारशे ऐंशी चौरस फूट. पंधरा हजार म्हणजे फुटाला एकतीस रुपये आणि काही पैसे, त्यात प्रायमर, रंग, कॅन, मदतनीस, सगळं तुझं. सामानाचा हिशेब कागदावर मांड, त्यात दिवसांची मजुरी मिळव, मग तुझ्या कलेचे पैसे. आकडा तिथून काढायचा.

पण पैशांपेक्षा मला त्याचं दुसरं वाक्य जास्त खटकलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ असं सांगतं की पैसे देऊन कोणी चित्र काढून घेतलं, तर उलट करार नसेल तोवर त्या चित्राचा पहिला हक्कदार पैसे देणारा. म्हणजे तोंडी ‘हो’ म्हणून तू ब्रश उचललास तर पत्र्यावरचं चित्र त्यांचं. घूस तू आधीपासून काढतो आहेस, हे ब्लॅकबुक आणि तारखांचे फोटो यांवरून दाखवता येईल, पण वकिलापर्यंत वेळ कशाला येऊ द्यायची? हक्क द्यायचेच असतील तर कलम १९ प्रमाणे ते लेखी आणि सहीनेच दिले जातात, आणि मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात. मुदत लिहायची, जागा लिहायची, कशावर छापणार तेही लिहायचं. कलम ५७ मात्र तुझ्या बाजूचं आहे: हक्क विकले तरी चित्र तुझं आहे असं म्हणायचा आणि त्याची विटंबना थांबवायचा अधिकार तुझ्याकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९ मध्ये सरकारने काढून गोदामात टाकलं होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यांना उरलेले भाग परत आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली. मध्ये किती वर्षं गेली ते मोज, म्हणजे आधी लिहून घेणं का बरं ते कळेल.

त्या मार्केटिंगवाल्याला मेल कर, साधी: ‘काम करायला तयार आहे. सामान आणि मजुरीचा दर सोबत जोडला आहे. घूस हे माझं पात्र असून तिचे सर्व हक्क माझ्याकडे राहतील. या साइटचे पत्रे आणि त्यांचे फोटो एवढाच वापर या रकमेत येतो. जाहिरात, ब्रोशर, इतर साइट यांसाठी वेगळा लेखी करार आणि वेगळी रक्कम. निम्मे पैसे काम सुरू होण्याआधी.’ फोन आला तर फोनवर कशालाच होकार देऊ नकोस, मेलवर कळवा म्हण. आणि त्यांनी मान्य केलंच, तर जाऊन पत्रे बघ. कोरे करकरीत गॅल्व्हनाइज्ड असतील तर त्यावर साधा प्रायमर धरत नाही, जस्ताच्या पत्र्यासाठीचा वेगळा घ्यावा लागतो. तो खर्चात धर. नाहीतर पहिल्या पावसात घूस पापुद्र्यापापुद्र्याने सोलून निघेल आणि दुरुस्ती ते तुझ्याकडून फुकटात मागतील.